वजनाच्या चिठ्ठीवर जेवण सोडू नकोस

अगं, आधी रात्रीची भाकरी सुरू कर, मग बाकीचं बोलू. आई सांगत होती, तू संध्याकाळी नुसतं ताक पिऊन झोपायलीस. कारण काय, तर मेडिकलपुढच्या मशीनवर उभी राहिलीस आणि चिठ्ठीवर ‘बीएमआय २४.७, वजन जास्त’ असं छापून आलं. पुढल्या महिन्यात तुला बघायला पाहुणे यायलेत, त्यामुळं ते जास्तच मनाला लागलं असणार. मला कळतं ते. पोरीच्या अंगावर बोलायचा हक्क आपल्याकडं सगळ्यांनाच असतो. बारीक असली की ‘हिला घरी खायला घालत नाहीत का’, जरा अंगानं भरली की ‘आता तोंडाला आवर घाल’. लोकांच्या बोलण्याला उत्तर तरी देता येतं. छापील आकडा आला की माणूस गप्पच बसतं, कारण तो शास्त्राचा वाटतो. म्हणून तो आकडा कुठून आला, त्याचं कुठं ऐकायचं आणि कुठं नाही, हे तुला आज नीट सांगते.

हिशेब अगदी साधा आहे. तुझं वजन ५७ किलो, उंची १.५२ मीटर, म्हणजे आपली पाच फूट. ५७ ला १.५२ नं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा १.५२ नं भागायचं. झाले २४.७. जागतिक आरोग्य संघटनेचा जो तक्ता जगभर चालतो त्यात १८.५ ते २४.९ सामान्य, २५ च्या पुढं वजन जास्त आणि ३० च्या पुढं लठ्ठपणा. म्हणजे त्या तक्त्यानं तू चांगली धडधाकट. पण २००९ साली आपल्या देशातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून भारतीयांसाठी वेगळी रेघ ओढली. २३ च्या पुढं वजन जास्त, २५ च्या पुढं लठ्ठपणा. तुझ्या उंचीला त्या हिशेबानं ५३ किलोपर्यंत योग्य. मशीनमध्ये हा तक्ता भरलेला होता, म्हणून चिठ्ठीवर ‘जास्त’ आलं. तीच तू, तेच अंग, एका तक्त्यात बरी आणि दुसऱ्यात जड. ही दुसरी रेघ कुणी उगाच ओढलेली नाही, तिच्यामागं आपल्याच महाराष्ट्रात झालेलं फार मोठं काम आहे. त्याच्याकडं येते, पण आधी मूळ आकड्याचं बघू.

हे गणित मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता. अडोल्फ केटले नावाचा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती, जन्म १७९६ चा. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं. मोठ्या माणसांची मापं मांडताना १८३२ च्या सुमाराला त्याच्या ध्यानात आलं की वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एवढंच. कोण निरोगी, कोण आजारी, हा त्याचा प्रश्नच नव्हता. पुढं १९७२ साली अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर लोकांची मापं घेऊन हे जुनं गणित बाहेर काढलं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. ते पाच देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. आणि मोजलेले सगळेच्या सगळे पुरुष. एकही बाई नाही. त्या आकड्यावर तू तुझी भाकरी सोडलीस.

तरी तो सगळीकडं का चालला? स्वस्त आहे म्हणून. काटा आणि भिंतीवरची पट्टी असली की झालं, सुई नको, लॅब नको. हजारो लोकांचं एकदम बघायचं असेल तर त्याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही, हे मीसुद्धा मानते. अडचण येते ती एका माणसाकडं बोट दाखवून निकाल द्यायला लागल्यावर.

बाबांसोबत तू उदगीरच्या आडतीवर किती वेळा गेलीस. सोयाबीनचं पोतं काट्यावर चढतं खरं, पण भाव काय नुसत्या किलोवर लागतो का? मूठभर दाणे मशीनमध्ये टाकून ओलावा बघतात, हातावर पसरून माती-काडी बघतात, डागी दाणा बघतात. हमीभावाच्या केंद्रावर एरवी १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल अडतो. अंगाचंही तसंच आहे. ५७ किलोत हाड किती, मांस किती, पाणी किती, चरबी किती आणि ती चरबी नेमकी कुठं बसलीय, यातलं काहीच काट्याला दिसत नाही. आणि आजार लावते ती चरबी बसलेली जागा.

आता मघाशी म्हटलं ते काम, पुण्याचं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे मोठे अभ्यासक. २००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. मग दोघांनी अंगातली चरबी यंत्रावर मोजून घेतली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! वजनाचा आकडा सारखा असूनही आपल्या माणसाच्या अंगात मांस कमी आणि चरबी जास्त. डॉक्टर लोक या फोटोला ‘वाय-वाय’ म्हणतात, दोघांच्या आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. मला त्या फोटोचं फार कौतुक वाटतं. दुसऱ्याच्या अंगाकडं बोट न दाखवता स्वतःचं अंग पुढं करून दाखवलं त्यांनी.

आणि हे मोठेपणी खाऊन-पिऊन होतं असंही नाही. याज्ञिक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बायका. वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, बीएमआय जेमतेम १८. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान निघाली, हातापायाचं मांस फारच कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. वरून काडी, आतून चरबी. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं अंग आधी मेंदूला जपतं, चरबी साठवून ठेवतं आणि मांसावर काटकसर करतं, असं त्याचं कारण सांगतात. पुढं त्याच लेकराला मोठेपणी बसून काम, साखरेचा चहा आणि तळलेलं मिळालं की साठवायच्या त्या सवयीचं दुखणं होतं. आपली आई दुष्काळात वाढली, आपल्या दोघींच्या वेळी शेवटच्या महिन्यापर्यंत खुरपायला जात होती. म्हणून मी आपल्या घरातल्या कुणालाच ‘बारीक आहे, त्याला काही होत नाही’ असं म्हणत नाही.

आपले मधले काकाच बघ. उंची साडेपाच फुटाला जरा कमी, वजन ५८ किलो, बीएमआय २१ च्या आसपास. कुठल्याही तक्त्यात बसव, सामान्यच. दंडाची पार काडी, पण बनियनच्या आतून पोट पुढं आलेलं. पायाला खिळा लागला, जखम भरेना, तेव्हा कुठं साखर तपासली. तोवर ती किती वर्षं अंगात मुरली होती देव जाणे. काकांना कुणी कधी तपासायला सांगितलंच नाही, कारण ते लठ्ठ दिसतच नव्हते. बीएमआयचं खरं नुकसान हे आहे बघ. तो तुझ्यासारख्या पोरीला विनाकारण रडवतो आणि काकांसारख्याला विनाकारण निश्चिंत ठेवतो. दुसरं जास्त वाईट.

उलटंही होतं. आपल्या जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्यासारख्या मातीत घुमलेल्या पैलवानाला या तक्त्यावर उभं केलं तर आकडा बहुतेक ‘लठ्ठ’ म्हणूनच निघेल, कारण मांस चरबीपेक्षा जड असतं आणि काट्याला दोन्ही सारखेच. म्हातारपणी अजून घोळ. आजीची पाठ वाकली, उंची दोन इंच घटली, आकडा आपोआप वर गेला. वजन एका ग्रॅमनंही वाढलं नाही. गरोदरपणात तर त्या आकड्याला अर्थच नाही, तिथं गरोदर होण्याआधीचं वजन धरतात. आणि ताईची मोठी, आठवीतली, तिला चुकूनसुद्धा या मशीनवर उभी करू नका. अठराच्या आतल्या लेकरांना मोठ्यांचा तक्ता लागूच होत नाही. त्यांचे वयाप्रमाणं वेगळे आलेख असतात, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ते २०१५ साली नव्यानं काढलेत. त्या वयात पोरीनं आकडा मनावर घेऊन खाणं तोडलं तर उंची आणि हाडं दोन्ही मार खातात.

मग बीएमआय टाकूनच द्यायचा का? नाही गं. खालच्या बाजूला तो फार मोलाचा आहे. १८.५ च्या खाली आकडा गेला की मी स्वतः धास्तावते, विशेषतः नुकतं लग्न झालेली असली तर. २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २०.८ टक्के १८.५ च्या खाली निघाल्या आणि २३.४ टक्के २५ च्या वर. म्हणजे एकाच गल्लीत पाचातली एक खंगलेली आणि चौघींतली जवळजवळ एक वजनानं जड. आणि रक्त कमी असलेल्या ५४ टक्के! निम्म्याहून जास्त. जड असलेल्या बायकांतसुद्धा रक्त कमी असलेल्या भरपूर, हे मी आरोग्य उपकेंद्रावर रोज बघते. अंगानं भरलेली बाई म्हणजे खाऊन-पिऊन सुखी, असं समजून तिचं हिमोग्लोबिन कुणी बघतच नाही.

आमच्याकडं आशाताई घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म भरतात. तुला गंमत वाटेल, त्यातल्या गुणांच्या भागात वजनाचा रकानाच नाही. वय विचारतात, तंबाखू-दारू विचारतात, घरात कुणाला साखर, बीपी, हृदयाचं दुखणं आहे का ते विचारतात, आठवड्यात दीडशे मिनिटं तरी अंगमेहनत होते का ते विचारतात आणि कमरेला टेप लावतात. बाईची कमर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्याच्या वर दोन. गड्याला ९० पर्यंत शून्य, १०० पर्यंत एक, पुढं दोन. चारच्या वर बेरीज गेली की आधी तपासणीला धाडायचं. अतनूरची नाहीतर घोणसीची आशाताई कागदावर पेन्सिलनं जे करते, ते त्या दिवे लागणाऱ्या मशीनपेक्षा शहाणपणाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कमरच का? कारण कातडीखालची, मांडीवरची, कुल्ल्यावरची चरबी त्यामानानं गरीब असते, एका जागी पडून राहते. पोटाच्या आत आतड्यांभोवती आणि यकृतात साठते ती त्रास देते. तिच्यामुळं इन्सुलिनचं काम अडतं, साखर चढते, रक्तातली चरबी चढते, बीपी चढतो. त्यात आपल्या अंगात मांस मुळातच कमी. जेवल्यावर रक्तात येणारी बरीचशी साखर मांसच उचलत असतं, तेच कमी असलं तर ती जाणार कुठं? म्हणून ज्या पाहणीत देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचं २०२३ साली पुढं आलं, तिच्यात बीएमआयनं लठ्ठ २८.६ टक्के निघाले आणि पोटाच्या घेरानं लठ्ठ ३९.५ टक्के. एवढा फरक. काट्यावर सुटलेली माणसं टेपमध्ये सापडली.

आता टेप कसा लावायचा ते बघ, कारण बहुतेक बायका चुकीच्या जागी लावतात. शिंप्याचा साधा टेप घे. परकराची नाडी जिथं बांधतो ती जागा नव्हे, ती खाली असते आणि तिथं घट्ट बांधून बांधून वळ पडलेला असतो. बाजूला हात लाव, बरगडीचं शेवटचं हाड चाचप. मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचप. या दोन्हींच्या मधोमध टेप आडवा फिरव. साडीच्या निऱ्या, ओढणी, सगळं बाजूला, नुसत्या अंगावर. सरळ उभी राहा, पोट आत ओढू नकोस, श्वास सहज सोड आणि सोडल्यावर आकडा बघ. टेप टेकलेला असावा, रुतलेला नको. तुझ्यासाठी ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. यापेक्षाही सोपं एक माप आहे: कमर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुझी उंची १५२, निम्मी ७६. माझ्या अंदाजानं तू ७४-७५ च्या पुढं जाणार नाहीस. पाहुण्यांच्या पंगतीत भाकरी थापणारे तुझे ते दंड आणि लहानपणापासून मारलेली सायकल, त्याचं वजन कुठं धरलंय त्या चिठ्ठीनं?

पण टेपमध्ये बरी निघालीस तरी तेवढ्यावर सोडू नकोस, कारण तुझं दुसरंही मला माहीत आहे. पाळी दोन-दोन महिने लांबते ना? हनुवटीवरचे केस उपटतेस ना? मानेची कातडी काळवंडलीय, ती घासून जाणार नाही, तो मळ नव्हे. हे पीसीओडीचं असू शकतं, आणि ते बारीक पोरींनाही होतं. बीएमआय बघून ‘वजन उतरव, पाळी आपोआप येईल’ एवढं सांगून वाटेला लावणारे भेटतील. तू तेवढ्यावर परत येऊ नकोस. उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी, एवढं करून घे. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली चांगली, १०० ते १२५ असेल तर सावध व्हायचं, १२६ च्या पुढं गेली तर पुन्हा तपासून औषधाचं बघायचं. तीन महिन्यांची साखर करायची असली तर हिमोग्लोबिनसोबतच कर. रक्तात लोह कमी असलं तर तो आकडा खोटा वर दिसू शकतो, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असलेल्या किती, ते आत्ताच सांगितलं.

हे नुसतं माझंच म्हणणं नाही. २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या तज्ज्ञांच्या एका मंडळानं हेच मांडलं. एकट्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नका, सोबत कमरेचं माप घ्या किंवा चरबी मोजा, आणि मग बघा की त्या चरबीनं अंगातल्या कुठल्या कामात बिघाड केलाय का. बिघाड केला असेल तर तो आजार, नसेल तर सावधगिरी. आपल्याकडच्या डॉक्टरांनीही त्याच महिन्यात भारतीयांसाठीची व्याख्या नव्यानं मांडली, त्यात २३ ची रेघ ठेवली पण पुढचा टप्पा कमरेवर आणि त्रासावर ठरवला. तेव्हा चिठ्ठीवरच्या २४.७ चा अर्थ एवढाच धर की ‘जरा टेप लावून बघ’. उपास कर, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

आणि उपासानं होतं काय, तेही ऐक. महिनाभर पोट मारलंस तर काटा चार किलो खाली येईल. पण त्या चारात पाणी असेल, चरबी असेल आणि मांसही असेल. लग्नात पुरणपोळ्या सुरू झाल्या की वजन परत येईल, ते मात्र बहुतेक चरबी होऊन. म्हणजे तोच आकडा, पण अंग आधीपेक्षा वाईट. पुन्हा मांस गेलं की थकवा, केस गळणं, पाळी अजून लांबणं. त्या वजन उतरवणाऱ्या पावडरीचे डबे घेऊन घरोघर फिरणाऱ्या बायका तुझ्याकडंही येतील. त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. एका डब्याच्या पैशात महिनाभराची डाळ येते.

जेवण तोडायचं नाही, त्याची मांडणी बदलायची. किलोमागं साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला दिवसाला ४७ ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीतून थोडी येतात, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यातून सात. आपल्याकडं ताटात भाकरी-भाताचा डोंगर आणि वरण पातळ पाण्यासारखं, तेवढं उलटं कर. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात आपण जी भज्जी खातो, वाटाणा, तूर, हरभरा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवलेलं, तसलं जेवण वर्षातून एकदाच कशाला? आपल्या तालुक्यात शिवारभर सोयाबीन होतं, त्यात शंभराला छत्तीसच्या पुढं प्रथिनं, आणि ते सगळं पोत्यानं तेलाच्या कारखान्याला जातं, उरलेली पेंड कोंबड्यांना. घरात एक पायली ठेवत नाही आपण. नीट भाजून दळणात थोडं मिसळ, कच्चं मात्र नको, ते पचत नाही. आणि आपलं घर माळकरी, अंडी-मटण चालत नाही, म्हणून दूध-दही सोडू नकोस. त्याच पुण्याच्या अभ्यासात बायकांत बी-१२ फार कमी निघालं होतं, आणि ते कमी असलेल्या आयांच्या लेकरांत पुढं इन्सुलिनचा घोळ दिसला. जमलं तर बी-१२ ही तपासून घे, कमी निघालं तर गोळी स्वस्तात मिळते. हे आत्ता, लग्नाआधी. पोटुशी राहिल्यावर घाई करण्यापेक्षा आधी केलेलं बरं. त्या सहा गावांत ज्या बायका पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी निघाली. महागडं काही नव्हतं त्यात.

चालणं आहेच, पण नुसत्या चालण्यावर थांबू नकोस. मांस वाढतं ते जोर लावल्यावर. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, भरलेली कळशी उचलून ठेवणं. पूर्वी आईला दळण, पाणी, कडबा यातच ते घडायचं. आता गिरणी आली, नळ आला, चांगलंच झालं. पण ती जागा रिकामी राहिली आणि तिथं आपण काहीच ठेवलं नाही. जेवल्यावर लगेच अंथरुणावर मोबाईल घेऊन पडू नकोस, अंगणात दहा-पंधरा मिनिटं फिर. साखरेवर त्याचा परिणाम लगेच दिसतो.

पाहुण्यांचं म्हणशील, तर वजन विचारणारं घर आलं तर आईनं काय बोलायचं ते मी आईला सांगून ठेवलंय. पोरीचं हिमोग्लोबिन किती, साखर किती, तो कागद आम्ही दाखवतो, तुमच्या पोराचाही आणा. यात उद्धटपणा काही नाही. दोन घरांनी एकमेकांची कुंडली मागायची आणि रक्ताचा कागद मागायला लाजायचं, हे मला पटत नाही. ज्यांना ते टोचेल त्यांच्या घरी तुला द्यायचीच नाही.

मंगळवारी सकाळी उपाशीपोटी केंद्रावर ये, मी स्वतः टेप लावते आणि रक्त काढायला लावते. येताना दादालाही आण. तिशी त्याची केव्हाच झाली, दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसून असतो, काकांसारखीच ठेवण, हातपाय बारीक आणि शर्टाचं खालचं बटण ताणायलंय. ‘मला काय धाड भरली, मी तर काडी आहे,’ असं म्हणेल. म्हणू दे, गाडीवर बसवून आण. आणि न्याहारीचा डबा सोबत घे, रक्त दिल्यावर त्याला तिथंच खायला घालू, नाहीतर भूक लागली म्हणून बीपी मोजायच्या आधीच निघून जाईल.